घाटात बंद पडणारी जुनी पद्मिनी : पेट्रोल अडते की करंट?

भोरकर

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी 1988 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. 1089 सीसीचे मूळ पेट्रोल इंजिन, एक कार्ब्युरेटर, इंजिनाच्या अंगावर बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप आणि पॉईंट-कंडेन्सरचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग; पॉईंट म्हणजे त्यातले उघडझाप करणारे संपर्क) अशी सगळी व्यवस्था कुर्ल्याच्या कारखान्यातून आली तशीच आहे. गाडी रोजच्या वापरात नाही. गावात थोडीफार फिरते आणि सणावाराला साताऱ्याकडे जाते.

तक्रार अशी आहे. सपाट रस्त्यावर गाडी उत्तम चालते, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, धूर नाही, ऑईल खात नाही. परंतु पुण्याकडून साताऱ्याला जाताना खंडाळा मागे पडून खंबाटकीचा चढ लागला, आणि त्यातही पुढे एखादा भरलेला ट्रक असल्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावे लागले, की गाडी आधी मिसिंग करू लागते, मग आचके देते आणि शेवटी बंद पडते. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी इंजिन नुसते फिरते, पेटत नाही. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात ती पुन्हा सुरू होते. तापमानाचा काटा निम्म्याच्या पुढे जातो, पण लाल पट्ट्यात शिरत नाही. रेडिएटर उकळलेला नसतो.

ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी एकमुखाने व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणे, हेच निदान केले. त्याप्रमाणे पेट्रोल पंप नवा बसवला, नळ्या आणि फिल्टर बदलले, कार्ब्युरेटर दोन वेगवेगळ्या गॅरेजांत उघडून साफ करून घेतला आणि शेवटी प्लगही बदलले. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय मी करतो. त्याने कधी गुण येतो, कधी येत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका फिटरने पट्ट्यावर चालणारा मूळ पंखा काढून दुसऱ्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा बसवून दिला. रेडिएटरचे पाणी ठरावीक तापले की तो आपोआप सुरू होतो आणि त्यामुळे काटा बराच आटोक्यात राहतो. घाटात अडखळणे थोडेफार पूर्वीही होते, मात्र साफ बंद पडणे हे अलीकडचे.

आता तिसरे गॅरेज विजेवर चालणारा पेट्रोल पंप बसवा असे सांगत आहे. आणखी एक सुटा भाग विकत घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्याची काही पद्धत आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त निदेशक

भोरकर साहेब, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आपण कोणता भाग बदलू हे न विचारता दोष कसा ओळखू हे विचारले आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवत असे. त्या काळातल्या गाड्यांचे सोपेपण असे की इंजिन पेटत नसेल तर एक तर पेट्रोल पोहोचत नाही, किंवा करंट पोहोचत नाही, किंवा दोन्ही पोहोचूनही वेळ चुकते अथवा कॉम्प्रेशन नाही. तुमची गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि सपाटीला ओढते, म्हणून कॉम्प्रेशन आणि टायमिंग तूर्त बाजूला ठेवू. प्रश्न पहिल्या दोहोंचाच उरतो.

अडचण अशी की अशा दोषाचा पुरावा गाडी थंड होताच नाहीसा होतो. गॅरेजमध्ये गाडी पोहोचते तेव्हा ती निरोगी असते, आणि निरोगी गाडीत दोष शोधायचा म्हणजे अंदाजाने भाग बदलणे एवढेच हाती राहते. म्हणून जी काही तपासणी करायची ती गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच केली पाहिजे. त्यासाठी एक जुना पण चालू प्लग, एक इन्सुलेटेड पक्कड आणि एक टॉर्च एवढेच साहित्य पुरते. अर्थात प्रथम गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्यावी, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि अग्निशामक हाताशी असल्याखेरीज पेट्रोलच्या कोणत्याही जोडाला हात लावू नये.

पहिली तपासणी पेट्रोलची, आणि तिच्यासाठी एकही नळी उघडावी लागत नाही. इग्निशन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढा, कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने एकदम पूर्ण उघडा. आतल्या बारीक तोटीतून पेट्रोलची स्पष्ट धार उडाली, तर फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या लहान कप्प्यात) पेट्रोल आहे. वाटीत पेट्रोल असताना पंप व्हेपर लॉकमुळे नुसती वाफ ओढत होता म्हणून गाडी बंद पडली, हे म्हणणे टिकत नाही. धार आलीच नाही किंवा नुसती ओल दिसली, तर वाटी रिकामी झाली आहे आणि दोष पंप, नळी, फिल्टर किंवा टाकी यांच्या बाजूला शोधायचा. थांबून राहिल्यावर इंजिनाची आच कार्ब्युरेटरला लागून वाटीतले पेट्रोल उडून जाऊ शकते, त्यामुळे ही तपासणी दहा मिनिटांनी करून उपयोग नाही.

दुसरी तपासणी करंटची. एअर फिल्टरचे झाकण परत लावा. एका प्लगची वायर काढून ती आपल्या सुट्या प्लगला जोडा. त्या प्लगचे लोखंडी अंग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी जाड, निळसर आणि आवाज करणारी असावी. ती बारीक, पिवळट-नारिंगी असेल किंवा मधूनच पडत असेल, तर उघड्या हवेत दिसणारी ती ठिणगी कॉम्प्रेशनच्या दाबाखाली, विशेषतः चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना, मुळीच पडत नसण्याची शक्यता फार मोठी आहे.

या दोन उत्तरांतून पुढचा मार्ग ठरतो. ओल्या फडक्याविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फडके भिजवणे, ठेवणे आणि वाट पाहणे यात जो वेळ जातो, त्या वेळात सगळी गाडीच निवते: पंप निवतो, कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) निवते, कंडेन्सर निवतो. त्यामुळे गुण फडक्याचा की वेळेचा हे त्या उपायाने कळत नाही. “कधी गुण येतो, कधी येत नाही” हे आपण लिहिलेच आहे, आणि मला त्यात पंपाच्या निर्दोषपणाचा थोडा वास येतो.

तिसरी, अगदी फुकटची तपासणी टाकीच्या झाकणाची. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडा आणि हवा आत ओढल्याचा सुस्कारा येतो का ते ऐका. हवा येण्याचे छिद्र बुजलेले असेल तर टाकीत निर्वात होतो, पंपाला ओढता येत नाही आणि थोड्या वेळाने हवा झिरपली की गाडी आपोआप सुरू होते. मात्र हा दोष चढापुरता मर्यादित राहत नाही, लांबच्या सपाट प्रवासातही दिसतो. म्हणून आपल्या बाबतीत तो संभव कमी.

डोंबिवलीचा पद्मिनीवाला

निदेशक सरांची पद्धत बिनतोड आहे, पण पेट्रोलच्या बाजूला इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये असे मला वाटते. त्याचे कारण आजचे पेट्रोल. या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. आज बहुतेक पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलेच मिळते, आणि जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला त्याचे परिणाम निरनिराळ्या ठिकाणी भोगावे लागतात.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक घटकांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक 35-40 अंशांपासूनच उकळू लागतात. मूळ पेट्रोल तेच ठेवून त्यात थोडे इथेनॉल मिसळले तर मिश्रणाचा बाष्पदाब कमी होण्याऐवजी वाढतो. 10 टक्क्यांच्या आसपास ही वाढ सर्वांत जास्त असते. 20 टक्क्यांना ती किंचित उतरते, पण नाहीशी होत नाही. यांत्रिक पंप टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल ओढून आणतो, म्हणजे त्या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असतो आणि कमी दाबाला उकळी लवकर फुटते. पंप स्वतः गरम इंजिनावर बसलेला. व्हेपर लॉकला याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही.

दुसरा परिणाम रबराचा. जुन्या प्रकारच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलने फुगतो किंवा कडक होऊन तडकतो. ओढणाऱ्या बाजूच्या नळीला पडलेली बारीक चीर पेट्रोल गळू देत नाही, पण हवा आत घेते, आणि गाडीचे वागणे हुबेहूब व्हेपर लॉकसारखे दिसते. आपण नळ्या बदलल्या हे चांगलेच, पण टाकीजवळचा, गाडीखाली दडलेला लहान रबरी तुकडा बदलला का हे पाहावे. तो पाहायचे काम प्रत्येक गॅरेज पुढच्यावर सोडते. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटा करते आणि तो फिल्टरात येऊन बसतो. आठवड्याला एखादीच फेरी होणाऱ्या गाडीत हे फार घडते.

तिसरे म्हणजे मिश्रण. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, तर इथेनॉलला 9 पट. पेट्रोलसाठी ठरवलेला जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) तोच राहिला तर 20 टक्के इथेनॉलवर इंजिनाला मिश्रण पातळ मिळते. पातळ मिश्रणाने चढावर आचके बसतात आणि इंजिन जास्त तापते. माझ्या गाडीत मुख्य जेट एका आकाराने वाढवल्यावर आणि पंप व इंजिन यांच्यामधले उष्णतारोधक जाड पॅकिंग, जे मधल्या कोणीतरी काढून टाकले होते, ते परत बसवल्यावर घाटातला त्रास गेला.

एक सूचना. पारदर्शक फिल्टर बसवून त्यात पाहत राहण्याचा सल्ला अनेक जण देतात. पण निरोगी गाडीतही तो फिल्टर पूर्ण भरलेला दिसत नाही. अर्धा रिकामा फिल्टर पाहून घाबरू नये.

विजेच्या पेट्रोल पंपाबाबत माझे मत प्रतिकूल आहे. तो टाकीजवळ बसवला तर व्हेपर लॉक कमी होते हे खरे, परंतु दाब जास्त पडला तर फ्लोटची सुई तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होते. अपघात झाल्यास इंजिन बंद पडूनही पंप चालूच राहतो, हा धोका वेगळाच. कार्ब्युरेटरसाठी योग्य असा कमी दाबाचा पंप आणि इंजिन थांबताच त्याचा करंट तोडणारा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) या दोन्ही गोष्टी नसतील तर त्या वाटेला जाऊ नये.

वायरमन, सांगली

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत. मी फक्त मूळ प्रश्नातल्या एका वाक्याकडे लक्ष वेधतो, जे भोरकर साहेबांनी ओघात लिहिले आणि कोणी उचलले नाही. विजेवर चालणारा पंखा गेल्या उन्हाळ्यात बसवला, आणि साफ बंद पडणे अलीकडचे आहे. त्या पंख्याला करंट कोठून दिला आहे?

मी हे विचारतो कारण बाहेरून बसवलेल्या वस्तूला “चावी फिरवल्यावरच” करंट हवा असेल, तर घाईतला इलेक्ट्रिशियन सर्वांत जवळची जागा शोधतो, आणि बॉनेटखाली ती जागा म्हणजे इग्निशन कॉईलचे प्लस टोक. तिथे एक वायर अडकवली की काम झाले. पंखा फिरतो, ग्राहक खूश होतो आणि दोष पुढच्या उन्हाळ्यासाठी पेरला जातो.

आता हिशेब पाहा. बॅलास्ट (कॉईलच्या वाटेतला जादा रोध) नसलेल्या साध्या 12 व्होल्टच्या कॉईलचा प्राथमिक रोध साधारण 3 ओहम असतो, म्हणजे पॉईंट जुळलेले असताना ती सुमारे 4 अँपिअर घेते. पस्तीसहून अधिक वर्षांच्या गाडीत बॅटरीपासून कॉईलपर्यंतच्या वाटेवर इग्निशन स्विच, फ्यूजच्या पट्ट्या आणि गंजलेली टोके मिळून पाव ओहम रोध सहज जमतो. 4 अँपिअरला पाव ओहम म्हणजे 1 व्होल्टची घट. एवढी घट गाडी सोसते, कोणाच्या लक्षातही येत नाही. आता त्याच वाटेवर 8 अँपिअर घेणारा पंखा जोडा. एकूण 12 अँपिअर झाले, घट 3 व्होल्ट झाली, आणि कॉईलला 9 व्होल्टच उरले. सेल्फ मारताना बॅटरीच 10 व्होल्टच्या आसपास उतरते, तेव्हा कॉईलला मिळतात जेमतेम 7.

त्यावर उष्णतेची भर. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. सकाळी 25 अंशांवर असलेली कॉईल घाटात 85 अंशांना पोहोचली तर तिचा रोध जवळजवळ चतुर्थांशाने वाढतो आणि करंट त्या प्रमाणात कमी होतो. कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून या दोन्ही घटी एकत्र झाल्या की ठिणगीची ताकद सकाळच्या निम्म्याहूनही खाली जाते. नेमक्या त्याच वेळी चढामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, सिलिंडरमधला दाब वाढलेला, म्हणून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज हवे. आणि दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचे चार्जिंगही मंद.

आता तक्रारीचा क्रम या नजरेने पुन्हा वाचावा. पाणी तापले की पंखा सुरू होतो, म्हणून गाडी तापल्यावरच अडखळते. बंद पडल्यावर चावी फिरवताच पंखाही फिरू लागतो, म्हणून सेल्फने पेटत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने रेडिएटर निवतो, पंख्याचा स्विच बंद होतो आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते. व्हेपर लॉकचे सोंग याहून चांगले कोणाला वठवता येणार नाही.

माझे म्हणणे चुकीचेही असू शकेल, परंतु ते तपासायला खंबाटकीला जायची गरज नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना घरीच पुढीलप्रमाणे करावे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून इंजिन हाताने असे फिरवा की पॉईंट जुळलेले राहतील. चावी फिरवा आणि मल्टिमीटरने प्रथम बॅटरीच्या टोकांवर, नंतर कॉईलच्या प्लस टोकावर व्होल्टेज मोजा. मग रेडिएटरवरील पंख्याच्या स्विचची दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडून पंखा मुद्दाम सुरू करा आणि कॉईलवर पुन्हा मोजा. पॉईंट जुळलेले असताना चावी मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका, कॉईल तापते. शेवटी झाकण लावून, पंखा तसाच चालू ठेवून सेल्फ मारा. इंजिन थंड आहे, पेट्रोल थंड आहे. तरीही ते पेटायला कुरकुरले तर उष्णतेचा आणि पेट्रोलचा संबंध संपला.

पॉईंट उघडे असताना मोजू नका हे विशेष सांगतो. करंट वाहतच नसेल तर खराब जोडावरही घट दिसत नाही आणि मीटर बिनदिक्कत 12 व्होल्ट दाखवतो. नुसता टेस्ट लॅम्प लावून “करंट येतोय” म्हणणारे इथेच फसतात.

भोरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आकडे कळवतो.

पंख्याची वायर खरोखरच कॉईलच्या प्लस टोकावरच अडकवलेली निघाली. मध्ये फ्यूज नाही, रिले नाही. बॅटरीवर 12.5 व्होल्ट होते. पॉईंट जुळलेले आणि पंखा बंद असताना कॉईलवर 11.4 व्होल्ट मिळाले. पंखा सुरू करताच तेच 9.2 झाले. त्यानंतर झाकण लावून, पंखा चालू ठेवून सेल्फ मारला, तर एरवी पहिल्या सेल्फला सुरू होणारी ही गाडी सकाळच्या गारव्यात, थंड इंजिनावर, पेटली नाही. पंख्याची वायर सोडली आणि लगेच पेटली.

निदेशक सरांनी सांगितलेली घाटातली तपासणीही मधल्या काळात करून झाली होती. बंद पडल्यावर लगेच पाहिले तेव्हा कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची धार स्वच्छ उडत होती आणि सुट्या प्लगची ठिणगी बारीक, नारिंगी होती. म्हणजे पेट्रोल पंप, नळ्या आणि दोन वेळची कार्ब्युरेटरची साफसफाई यांचा या दोषाशी संबंध नव्हता. पद्मिनीवाल्यांनी सांगितलेला टाकीजवळचा रबरी तुकडा मात्र पाहिला. तो फुगून मऊ झाला होता, म्हणून बदलून घेतला.

पुढे काय करावे? पंखा सरळ बॅटरीवरून घ्यावा का? आणि जी घट पंखा बंद असतानाही दिसते, ती तशीच सोडून चालेल का?

वायरमन, सांगली

पंखा बॅटरीवरूनच घ्यावा, पण सरळ नव्हे, रिलेमार्फत. साधा चार पायांचा 30 अँपिअरचा रिले पुरेसा आहे. त्याच्या 30 क्रमांकाच्या पायाला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर आणावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ 15 अँपिअरचा फ्यूज घालावा. फ्यूज रिलेजवळ घातला तर मधली वायर बिनसंरक्षण राहते. 87 वरून पंख्याला. 86 ला चावीवरून येणारी बारीक वायर आणि 85 रेडिएटरच्या स्विचमार्फत अर्थला. पंख्याचे स्वतःचे अर्थिंग बॉडीला न करता बॅटरीच्या मायनसपर्यंत नेलेले बरे, कारण जुन्या बॉडीच्या गंजलेल्या बोल्टवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. रिले चालवायला चावीच्या वाटेवरून फार तर पाव अँपिअर जातो.

उरलेली 1.1 व्होल्टची घट सोडू नये. ती कोठे आहे हे शोधायला पंखा जुन्या जोडणीवरच चालू ठेवून, म्हणजे करंट भरपूर वाहत असताना, मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर धरावे आणि दुसरे टोक वाटेतल्या प्रत्येक जोडावर क्रमाने टेकवत जावे. आकडा जिथे एकदम वाढेल तो जोड दोषी. बहुधा तो इग्निशन स्विचच निघेल. त्याच्या आतील संपर्क काळे पडलेले असतात, आणि चावी थोडी हलवून आकडा बदलला तर खात्रीच समजावी. हे मोजमाप करून झाल्यावरच रिले बसवा, नंतर करंट कमी झाला की दोष दिसायचा बंद होईल, पण तिथेच राहील.

निवृत्त निदेशक

वायरमन साहेबांचे निदान वाचून माझ्या जुन्या वर्गात हे उदाहरण असते तर किती बरे झाले असते असे वाटले.

विजेचे काम झाल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. कमी व्होल्टेजवर चाललेले पॉईंट बहुधा काळवंडलेले असतील. ते घासत बसण्यापेक्षा कंडेन्सरसह नवे घालावेत आणि गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान बसवून मगच टायमिंग तपासावे, कारण गॅप बदलला की टायमिंग हलते. सध्या बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरांचा दर्जा फार अनिश्चित आहे. जुना कंडेन्सर चांगला चालत असेल तर तो फेकू नका, डिकीत ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे तो पंखा मुळात का लागला. पट्ट्यावरच्या मूळ पंख्यावर या गाड्यांनी मुंबईची टॅक्सी म्हणून दिवसभर भर उन्हात, सिग्नलला उभे राहून काम केले आहे. तुमची गाडी त्या पंख्यावर तापत होती, तर रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्या असण्याचा, झाकणाची स्प्रिंग सैल झाल्याने दाब टिकत नसण्याचा किंवा टायमिंग मागे असण्याचा संभव आहे. तापलेल्या रेडिएटरच्या जाळीवर, इंजिन आणि पंखा बंद करून, वरून खाली हात जवळून फिरवावा. एखादा पट्टा इतरांपेक्षा स्पष्टपणे गार लागला तर तिथून पाणी वाहत नाही. थर्मोस्टॅट कोणी काढून टाकला आहे का तेही पाहावे. तो काढल्याने इंजिन थंड राहते ही समजूत गॅरेजांत खोल रुजलेली आहे, प्रत्यक्षात हिवाळ्यात इंजिन कधीच पुरेसे तापत नाही आणि पेट्रोल मात्र जास्त जाते.

मिश्रण पातळ आहे की नाही, याविषयी पद्मिनीवाल्यांचा मुद्दा जेट न बदलताही थोडाफार पारखता येतो. पीयूसी केंद्रावर निदान आयडलिंगचे आकडे मिळतात. या काळातल्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे. आपण फक्त पास-नापास न पाहता आकडे वाचावेत. मोनॉक्साईड जास्त असेल तर मिश्रण जाड आहे, म्हणजे फ्लोटची पातळी, चोक आणि एअर फिल्टर पाहा. मोनॉक्साईड कमी पण हायड्रोकार्बन भरमसाठ असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे, म्हणजे मिसिंग आहे किंवा मिश्रण फारच पातळ आहे. पॉईंट नवे घातल्यावर हे आकडे घ्या आणि इथे लिहा, मग मुख्य जेटला हात लावायचा की नाही ते ठरवू.